सीटखालचे चाळीस लिटर

गाडी सुरू होते. दोन-तीन किलोमीटर झकास पळते. चढ लागला की आचके देते आणि मरते. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, प्लगच्या वायरी हलवून बघतो, तंबाखू मळतो. दहा मिनिटांनी सहज म्हणून चावी फिरवतो, तर गाडी पुन्हा सुरू! पुन्हा दोन-तीन किलोमीटर, पुन्हा तेच. जुन्या जीपचा हा आजार ज्याने भोगलाय, त्याने कार्ब्युरेटर तीनदा खोललेला असतो, कॉइल बदललेली असते, कंडेन्सर बदललेला असतो. आणि खरं दुखणं जिथे आहे, त्याच्यावर तो स्वतः बसलेला असतो.

टाकीच्या तळापासून थोडं वर पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड असतं. टाकी आतून गंजली की गंजाच्या पापुद्र्यांचा गाळ तळाशी साठतो. इंजिन पेट्रोल ओढायला लागलं की त्या ओढीने पापुद्रे हळूहळू नळीच्या तोंडाशी जमतात आणि तोंड बंद करतात. इंजिन उपाशी मरतं, ओढ थांबते, पापुद्रे सुटून पुन्हा तळाशी जातात, वाट मोकळी होते. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं गुपित एवढंच. चालकाच्या तंबाखूचा त्यात काही वाटा नसतो.

याच लक्षणाची दुसरीही दोन कारणं असतात, आणि टाकी उतरवण्याआधी ती तपासणं शहाणपणाचं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं, तर पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ पुरत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडलं आणि 'हुस्स' आवाज आला, तर आजार झाकणात आहे. दुसरं कारण उन्हाचं. घाटात इंजिन तापलं की पंपाजवळच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढायला बनवलेला पंप वाफेपुढे हात टेकतो. पंपावर ओलं फडकं ठेवायची घाटातल्या ड्रायव्हरांची जुनी युक्ती याचसाठी. फडक्याने काम झालं नाही, झाकणानेही झालं नाही, की मग सीट काढायची.

सीट काढायची, कारण टाकी सीटखाली आहे. हे असं का, ते समजायला १९४० च्या उन्हाळ्यात जावं लागतं. युरोपातलं युद्ध बघून अमेरिकी सैन्याने त्या जुलैत एका हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तो २३ सप्टेंबरला नेऊन पोचवला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी ही गाडी लाखांच्या संख्येने काढली. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर अवघं ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरा वर. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, चार माणसं, बंदुका. मागे टाकी लटकवली तर खड्ड्यातून वर येताना तीच आधी जमिनीला घासणार. उरलेली मोकळी जागा एकच होती, ड्रायव्हरच्या बुडाखाली.

त्या लष्करी विलीजमध्ये १५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावायचं, आणि ते भरायला ड्रायव्हरला उठून गादी उचलावी लागायची. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये टाकी साडेदहा गॅलनची, चाळीसेक लिटरची झाली आणि भरायचं तोंड बॉडीच्या बाहेर आलं. टाकी मात्र सीटखालीच राहिली. अमेरिकेत ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाडीच्या मागच्या भागात गेली.

आपल्याकडे ही जीप आली ती मुंबईच्या माझगावात. १९४५ साली सुरू झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनीने १९४७ मध्ये विलीजचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. त्यातले मोहम्मद, म्हणजे गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या नावात दुसरा महिंद्र आला. उंच बॉनेटची जी जीप मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते, ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ एवढीच निघाली. इथे तिची पिल्लावळ त्यानंतर कित्येक दशकं चालली. पंचायत समितीची जीप, वनखात्याची जीप, निवडणुकीत कर्णा लावलेली जीप, आणि पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून माणसं कोंबून नेणारी जीप. यातल्या बऱ्याचशा लिलावात गेल्या, आणि त्यातल्या काही अजून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

टाकीच्या दृष्टीने यातला 'उभ्या आहेत' हा भाग महत्त्वाचा. रोज धावणाऱ्या वडापच्या टाकीपेक्षा गोठ्याशेजारी उभ्या जीपची टाकी लवकर कुजते. पेट्रोल पत्र्याला खात नाही. पेट्रोलच्या वर जी मोकळी जागा राहते, तिच्यातून पाणी येतं. दिवसा टाकी तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार होते, बाहेरची दमट हवा आत येते, तिच्यातलं बाष्प गार पत्र्यावर जमतं आणि थेंब होऊन पेट्रोलखाली जाऊन बसतं, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड.

गॅरेजमध्ये मात्र या गोष्टीला फार तिखटमीठ लागतं. 'रात्रीत पेलाभर पाणी सुटतं' असंही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. जरा हिशोब करू. टाकी अर्धी, म्हणजे आत वीस लिटर हवा. दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक धरला तर त्यातली पाच टक्के, लिटरभर हवा ये-जा करते. तीस अंशांच्या अगदी ओल्या हवेतही घनमीटरला पाणी असतं तीसेक ग्रॅम. म्हणजे लिटरभर हवेत ०.०३ ग्रॅम. सगळंच्या सगळं आत राहिलं असं मानलं तरी वर्षाला अकरा ग्रॅम, दोन चमचे. पेलाभर वगैरे काही नाही. टाकीत त्याहून जास्त पाणी निघालं तर ते झाकणाच्या कुजलेल्या पॅकिंगमधून पावसाने ओतलेलं असतं, हे माझं मत. पण दोन चमचेही पुरतात. ते टाकीभर पसरत नाहीत, सगळ्यात खोल कोपऱ्यात आणि सांध्याच्या खाचेत जाऊन बसतात, आणि तिथेच वर्षानुवर्षं काम करतात.

डिझेल जीपवाल्यांनी हसू नये. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळ सीमेवर बुरशी वाढते. पाण्यात राहायचं आणि डिझेल खायचं, अशी तिची चैन असते. फिल्टरमध्ये काळा, बुळबुळीत, शेवाळासारखा थर सापडला तर तो डांबर नव्हे, ही बुरशी.

पत्र्याला वाचवायला काही तरी लेप असतोच. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ना, तोच प्रकार. त्या काळातल्या बहुतेक मोटारींच्या टाक्या कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाचा थर दिलेल्या पोलादी पत्र्याच्या असत. शिसं जास्त, म्हणून थर चकचकीत नसे, मळकट दिसे. या पत्र्याला 'टर्न' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थच निस्तेज. पेट्रोलपुढे ही कल्हई पन्नास वर्षं टिकते. जिथे ओरखडा पडला, जिथे सांधा झाळताना थर जळला, तिथून गंज शिरतो.

आता या जुन्या टाकीपुढे नवं पेय आलंय. आपल्या पंपांवर २०२२ पर्यंत दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पोचलं आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचं यायला लागलं. महाराष्ट्रात त्यातलं बरंचसं उसापासून येतं, म्हणजे ऊसपट्ट्यातली जीप आता थोडीफार उसावरही चालते. इथेनॉल पाण्याला ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच सामावतं आणि इंजिनातून जळून जातं, हे चांगलंच. पण गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाणी वाढत गेलं, तर एका क्षणी इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह तळाशी उतरतं, नेमकं नळीच्या तोंडाशी. शिवाय जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात, आणि टाकीच्या भिंतींवर चाळीस वर्षं चिकटलेला राळेसारखा थर सुटून कार्ब्युरेटरकडे चालू लागतो. त्यामुळे नवी टाकी बसवून जुन्या नळ्या ठेवणं ही काटकसर अंगाशी येते.

गंज बाहेरूनही लागतो. या जीपच्या फरशीत टाकीसाठी एक खोलगट हौद केलेला असतो आणि टाकी त्यात पट्ट्यांनी आवळून बसवतात. हौदाला तळाशी पाणी जायची भोकं असतात. ती चिखलाने बुजतात, हौदात ओला गाळ राहतो, टाकीखालच्या नमद्याच्या पट्ट्या पाणी पिऊन बसतात. कराडकडच्या एका गॅरेजात अशी टाकी निघताना मी पाहिली. वरून रंग शाबूत, आणि खालची बाजू बोट दाबल्यावर पापडासारखी मोडत होती.

गळती लागली की पहिला उपाय कपड्यांच्या साबणाचा. हसण्यासारखा वाटतो, पण खरा आहे: साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. बारीक भोकात वडी घासून भरली तर गाडी घरापर्यंत येते. पुढचा उपाय डाख देण्याचा, आणि इथे या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट येते. त्या गॅरेजातल्या वयस्कर मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. जीपचा तरुण मालक त्यांना म्हणाला, "अण्णा, टाकी रिकामीच हाय, मारा की वेल्डिंग."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "भरल्या टाकीला भ्यायचं न्हाई. रिकामी टाकी खाती माणसाला."

अण्णांचं हे वाक्य रसायनशास्त्राच्या कसोटीला तंतोतंत उतरतं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तरी पेटत नाही. टाकीत पेट्रोल असतं तेव्हा आतली हवा वाफेने इतकी गच्च असते की ती वरच्या मर्यादेच्या फार पलीकडे जाते. टाकी रिकामी केली की ती खाली, नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात उतरते. आणि त्यासाठी पेट्रोल किती लागतं? चाळीस लिटरच्या टाकीत दीड टक्का वाफ म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण लिटर वाफ, आणि तेवढी व्हायला तीनेक मिलिलिटर पेट्रोल पुरतं. चहाच्या चमच्यात निम्म्याच्या वर भरेल एवढं. सांध्याच्या खाचेत, गंजाच्या पापुद्र्यात एवढं सहज लपून बसतं. ठिणगी पडली की टाकी बाँबसारखी फुटते. डिझेल थंड असताना पुरेशी वाफ सोडत नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. पण वेल्डिंगची ज्योत पत्रा तापवते, पत्रा डिझेल तापवतो, आणि मग तेही तितकंच जीवघेणं होतं.

म्हणून जाणते कारागीर टाकी आधी कॉस्टिकच्या पाण्यात उकळतात, वाफ सोडतात, आणि झाळताना ती पाण्याने इतकी भरतात की मोकळी हवा उरतच नाही. तरीही मी म्हणेन, घरी हा खेळ करू नये. आणि पत्रा एका जागी कुजला असेल तर तो दहा जागी कुजलेला असतो. आतून ओतायचे लेप मिळतात, पण ते सुट्या गंजावर बसले तर वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे होऊन सुटतात आणि पुन्हा नळीच्या तोंडाशी जमतात. आपण नवी टाकी बसवू.

जागा उघड्यावरची हवी. गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर तर हे काम मुळीच नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून राहते. बॅटरीची अर्थची तार आधी सोडायची. पेट्रोल काढायचं ते हातपंपाने, लोखंडी डब्यात. तोंडाने नळी ओढण्याची मर्दुमकी नको, फुप्फुसात गेलेलं पेट्रोल दवाखान्यात नेतं. मग सीट, मग भरायच्या तोंडाची रबरी नळी, मग काट्याची वायर, मग पेट्रोलची नळी. ही शेवटची सगळ्यात हट्टी. तिच्या नटावर आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवायचं आणि खोलताना दोन पाने लावायचे, एक धरायला, एक फिरवायला. एकाच पान्याने जोर केला तर नट जागेवर राहतो आणि तांब्याची नळी जिलेबीसारखी पिळते. पट्ट्या सोडल्या की या जीपची टाकी वरच्या वर, बॉडीतूनच उचलता येते. सीटखालच्या टाकीचा हा एक मोठा फायदा. टाकी मागे असलेल्या गाड्यांत माणूस खाली झोपतो आणि टाकी त्याच्या छातीवर उतरते.

टाकी निघाली की नवी बसवायची घाई करू नये. हौद खरवडून भोकं मोकळी करायची, रंग द्यायचा, दोन दिवस वाळू द्यायचा. सगळ्या कामात हेच सर्वांत कंटाळवाणं, आणि नवी टाकी किती वर्षं टिकेल ते यावरच ठरतं.

नवी टाकी म्हणजे कुठली? तयार मिळाली तर उत्तम. भंगारबाजारात जुनी सापडते, पण मग आपण दुसऱ्याचा गंज विकत घेतो. उरतो पत्रेवाला. त्याला जुनी टाकी नेऊन दाखवली तर तो हुबेहूब पेटी करून देतो, आणि पेटी करून देतो हीच अडचण. टाकीच्या पोटात आडव्या भिंती असतात, खाली भोकं ठेवलेल्या. चढावर, वळणावर, आडवं चालताना तीस किलो पेट्रोल एका बाजूला धावू नये, नळीचं तोंड उघडं पडू नये, म्हणून त्या. बाहेरून त्या दिसत नाहीत, त्यामुळे राहून जातात. दुसरी चूक जीआय पत्र्याची. न गंजणारा म्हणून तो हौसेने निवडतात. पण जस्ताचा थर डिझेलमध्ये विरघळून चिकट साबण तयार करतो, तो फिल्टर आणि नोझल बुजवतो, आणि इथेनॉलशीही जस्ताचं जमत नाही. स्टेनलेसचा पत्रा महाग पडतो, पण एकदाच पडतो.

चांगलं इंधनपात्र कसं असावं याचा नमुना बघायचा असेल तर जीपच्या मागे लटकणारा वीस लिटरचा जेरीकॅन बघावा. जर्मन सैन्यासाठी १९३७ च्या सुमारास बनलेला तो डबा म्हणजे दोन साचेबंद अर्ध्या भागांचा, खोबणीत आत घेतलेल्या एकाच वेल्डचा, आतून लेप दिलेला; ओतताना हवा आत यायला वेगळी नळी, आणि काठोकाठ भरला तरी थोडी हवा राहीलच अशी पाठ. त्याच काळातले ब्रिटिशांचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे सांध्यासांध्यांतून गळत. १९३९ साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकी अभियंता बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला, तेव्हा पिण्याचं पाणी ठेवायला त्याच्या जर्मन सोबत्याने टेंपलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले असले तीन डबे उचलले. सोबत्याला वाटेतूनच जर्मनीला परत नेण्यात आलं. जाताना तो डब्याचं सगळं मोजमाप प्लाइसला देऊन गेला. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला आणि पुढे ते डबे अमेरिकेच्या हाती लागले.

पत्रेवाल्याकडून आलेली टाकी तपासायची तर कॉम्प्रेसर लावू नये, टाकी फुग्यासारखी फुगून बसते. बाहेरून सांध्यांवर खडूची पूड पाण्यात कालवून लावायची, वाळली की आत रॉकेल घालून टाकी सगळ्या बाजूंनी कलती करून ठेवायची. रॉकेल पाण्यापेक्षा चिवट शोधक. केसाएवढी फट असली तरी पांढऱ्या खडूवर काळपट डाग उमटतो.

मग काटा. टाकीत दांडीला लावलेला फ्लोट वरखाली होतो, त्याबरोबर तारेच्या वेटोळ्यावर एक जीभ सरकते, विजेला होणारा अडथळा बदलतो आणि समोरचा काटा हलतो. वायर एकच असते. परतीचा रस्ता टाकीच्या पत्र्यातून चेसिसला. आता नव्या टाकीला छान दोन हात रंग दिलाय, खाली रबर घातलंय, भरायची नळीही रबरी. परतीचा रस्ताच बंद. काटा मेलेला बघून लोक नवा फ्लोट आणतात, मग नवं मीटर आणतात. टाकीच्या एका स्क्रूपासून चेसिसपर्यंत वीतभर तार जोडली की काटा उठून बसतो. बऱ्याच टाक्यांत फ्लोटच्या झाकणाला पाच स्क्रू असतात आणि ते मुद्दाम असमान अंतरावर असतात, एकाच तऱ्हेने बसावेत म्हणून. बसत नाही म्हणून नवं भोक पाडणारे हात मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीत फ्लोट आडव्या भिंतीला अडकतो आणि टाकी कायम अर्धी दाखवते.

अण्णांनी पहिल्यांदा पाचच लिटर पेट्रोल घातलं. प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग गाडी सुरू केली, पंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोल चढताना पाहिलं, पुन्हा बोट, पुन्हा वास. नव्या टाकीतही वेल्डिंगची कणी असते, म्हणून फिल्टर आठवड्याने बदलायला सांगितला. मालक सीटवर बसून चढाच्या बाजूला गेला आणि अर्ध्या तासाने न थांबता परत आला.

जुनी टाकी अंगणात कोपऱ्यात पडली होती. पोऱ्याने ती उचलून भिंतीला टेकवली, तसे अण्णा आतून ओरडले. पोऱ्याने नळाची पाइप आणली, टाकीच्या तोंडात घातली, आणि पाणी काठावरून वाहायला लागेपर्यंत तिथेच उभा राहिला. भंगारवाला शनिवारी येणार होता, आणि तो येताना बिडी ओढत येतो.